आतली कडी

—नाही हो, कोंडीबामामा, चहा घ्या आधी, दार कुठं पळून जातंय. चार वर्षं माळ्यावर निजलं होतं, आता बिजागरीवर चढलंय तर घटकाभर त्यालाही वारा लागू द्या. आमचे हे येतीलच इतक्यात. कडी आणायला गेलेत. लोखंडाची एक कडी आणायची म्हणजे काही लग्नाचा बस्ता नव्हे, पण यांचं तसंच आहे, चार दुकानं फिरतील आणि पहिल्या दुकानात परत येऊन घेतील. बसा की. त्या फळीवर बसा, तिथं भुसा नाही. बशीत ओतून घ्या, लई गरम आहे.

घरात कुणी नाही म्हणून संकोचू नका. मामंजी आणि अत्ती सिद्धेश्वराला गेलेत, सोमवार ना आज. सासूबाईंना मी अत्ती म्हणते ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही या घरात माझ्याआधीपासनं येता. माझ्या लग्नाला आता कुठं आठ-नऊ महिने होतील. एरवी मी बोलत नाही फार. गुरुबसप्पांची धाकटी सून मुकी आहे का, असं समोरच्या कस्तुराबाईंनी खरोखर विचारलं होतं अत्तींना. अत्ती म्हणाल्या, मुकी नाही, शहाणी आहे. माझी स्तुती म्हणून त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, मी जपून ठेवलंय.

न्हाणी चांगली झाली म्हणता? व्हय, चांगलीच झाली. चार भिंती आहेत, खाली शहाबादी आहे, पाणी जायला भोक आहे. आणखी न्हाणीला काय लागतं. नाही, टोमणा नाही मारत, गवंड्यानं मन लावून केलं काम. पण तुम्ही आत्ता जी बघताय ना, ती शिल्लक राहिलेली न्हाणी आहे, मामा. ठरलेली वेगळी होती. ती मी पाहिलीय — ह्याच फरशीवर पाहिलीय, तुम्ही पाय ठेवलाय तिथं तिचा कोनाडा होता. राहू द्या, पाय कशाला काढता, ती पुसून सहा महिने झाले.

त्याचं असं आहे. आमचे हे चादरीच्या कारखान्यात गठ्ठे तपासतात, गठ्ठ्यावर खुणा करायचा निळा खडू यांच्या खिशात असतोच. एक दिवस संध्याकाळी आले आणि इथं परसात उकिडवे बसून म्हणाले, चल, तुझी न्हाणी काढू. आणि काढली की. माझ्या हातानं चार हात इकडं, यांच्या हातानं तीन हात तिकडं — हातात फरक पडतो म्हणून पुन्हा पुसून यांच्याच हातानं. इथं चुलवण, त्याचं तोंड बाहेरच्या अंगाला, म्हणजे जाळ बाहेरून घालायचा, धूर बाहेर आणि ऊन पाणी आत. इथं साबणाचा कोनाडा. वर खिडकी, आभाळ दिसेल एवढी, माणूस दिसणार नाही एवढी. कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स. मग मला म्हणाले, आत उभी राहा आणि आंघोळ कर बघू, कोपर कुठं लागतंय का. मी राहिले उभी त्या खडूच्या रेघांत, रिकामा तांब्या घेऊन, आणि अंगावर नसलेलं पाणी ओतलं. आणि हे बाहेर उभं राहून म्हणतात कसे, अहो बाई, आवरा लवकर, आम्हाला कारखान्याला उशीर होतोय. मी हसले. मला वाटतं या घरात आल्यावर मोठ्यानं हसले ते तेव्हाच. अत्ती आल्या दारात. नुसतं बघितलं — आणि दुसऱ्या दिवशी परस धुवायची पाळी माझी असताना त्यांनी स्वतः धुतलं. खराट्यानं.

त्याला काय, खडूच तो. हे म्हणाले, डोक्यात आहे माझ्या सगळं, नुसतं आईला विचारून येतो. नुसतं विचारून यायचं म्हणून जायचे रोज आणि येताना माणूस एक वीट कमी करून यायचा. पहिल्यांदा गेली खिडकी. खिडकीनं वारं येतं आणि वाऱ्यानं सांधे धरतात. बरं. मग टाइल्स गेल्या — पांढऱ्या टाइल्स दवाखान्यात असतात, घरात कशाला अभद्र. मग चुलवणाचं तोंड आत वळलं, कारण बाहेर जाळ घालायला बसलेली सून रस्त्यावरून दिसते. दिसते तर दिसते, मी काय चोरी करतेय का लाकडं पेटवताना, पण नाही. मग भिंत छपरापर्यंत न्यायची नाही असं ठरलं. चुलवण आत आलं ना, मग धूर कुठून जाणार? आत वळवलं कुणी, तर त्यांनीच, आणि धुराची काळजी कुणाला, तर त्यांनाच. आता ते बघा तुम्ही, वर हातभर मोकळंच आहे. पलीकडं उंच पाटावर उभं राहिलं की सगळी न्हाणी दिसते. पाटावर कोण उभं राहणार म्हणा. मी आपली मान हलवत गेले. का माहितीय? दार शिल्लक होतं म्हणून. म्हटलं, न्या सगळं, दार द्या.

दाराचंच सगळं आहे हो. तुम्हाला हसू येईल. हसा, सगळे हसतात. मी होटगीची. वडील रेल्वेत, जंक्शनवर पॉइंट्समन, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. दोन खोल्या आणि मागं न्हाणी — एवढीशी, बादली ठेवली की माणसानं पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न, पण तिला पत्र्याचं दार होतं आणि आतून पितळेची कडी. आम्ही तिघी बहिणी. आत गेलं, कडी लावली, की मालगाडी येवो नाहीतर मेल येवो. बाहेरून बहिणी दार बडवायच्या, आत काय जेवायला बसलीस का म्हणून. आणि खरं सांगू, आंघोळ कधीच झालेली असायची. नुसती बसायची मी पाटावर. पाणी उतरत असायचं अंगावरून, ते वाळेपर्यंत.

मग हे लोक मला बघायला आले. पोहे झाले, नाव विचारलं, स्वैंपाक विचारला, कानडी येतं का विचारलं. हे बिचारे चांगले, म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय का? आता मुलीनं अशा वेळी नाही म्हणायचं असतं. मी विचारलं, तुमच्या न्हाणीला दार आहे का? मामंजींना ठसकाच लागला पोह्यांचा. आई माझी जमिनीत जायची बाकी होती. आणि हे म्हणाले, नाही, पण बांधू की. त्या 'बांधू की'वर मी लग्न केलं, मामा. नोकरी विचारली नाही, जमीन विचारली नाही. इथं आल्यावर माझं नावच पडलं, 'दारवाली'. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हसून विचारायच्या — का गं, झालं का दार?

आणि इथली मोरी तुम्हाला ठाऊकच आहे. स्वैंपाकघराच्या कोपऱ्यात हातभर कठडा, आणि पुढं अत्तींच्या जुन्या इरकलीचा पडदा. पडद्याला खाली दोन बाजूंनी दोन तांबे ठेवायचे, उडू नये म्हणून. तरी उडतो. पलीकडच्या खोलीत मामंजी लिंगपूजेला बसलेले, त्यांची पाठ असते इकडं, पण पाठीलाही कान असतात की. अत्ती पिण्याचा घडा भरून घ्यायला येतात, नेमक्या मी बसले की. लुगड्यावरच पाणी घ्यायचं, लुगड्यातल्या लुगड्यात साबण फिरवायचा, ओल्यावर कोरडं नेसायचं आणि मग आतलं ओलं ओढून काढायचं. शिकले. सर्कशीत जाता येईल आता. पण आठ-नऊ महिने झाले, माझी पाठ मी धुतली का नुसतं लुगडंच धुतलं, काही सांगता येत नाही.

तर दार. परवा हे आले अत्तींना विचारून आणि खाली बघून जेवायला बसले. मी वाढत होते. म्हणाले, दार होणार. नवीन नको, माळ्यावर आहे ना सागवानी, ते कोंडीबांकडून कापून घेऊ. मी म्हटलं, चालेल. म्हणाले, कडी बाहेरून लावू. मी म्हटलं, बाहेरून कशाला? म्हणाले, मांजर शिरू नये म्हणून. म्हटलं, मांजराला बाहेरून, आणि मला? तर म्हणे आतून नको. उद्या मूल झालं, रांगायला लागलं, आत जाऊन कडी लावून घेतली तर? बघा हं. अजून पोटात नाही त्या पोरानं माझी कडी काढून घेतली. आणि रांगतं पोर कडीपर्यंत पोचणार कसं, ते काही आमच्या ह्यांना सुचलं नाही. मग आत असताना मी काय करू? तर बादली लावायची दाराला, आणि कुणी आलं की आतून खोकायचं.

मी खोकून दाखवलं. हे हसले. हसल्यावर माणूस सुटतो, यांना वाटलं मीही हसले.

तुमचा चहा निवला की. थांबा, गरम करून — नको? बरं. मामा, एक विचारू का. मघाशी तुम्ही दार लावत होता तेव्हा मी त्या खांबापाशी उभी होते. तुम्ही दार नीट बसवलंत, खालून रंधा मारलात, आणि मग आतल्या बाजूला, इथं, वर, अंगठा फिरवलात. फिरवलात की नाही? आणि मग माझ्याकडं बघितलंत आणि बघून दुसरीकडं बघितलंत. तिथं चार भोकं आहेत. बुजवलेली, सरस आणि लाकडाचा भुसा घालून, वरून रंग. या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला दिसली ती. ह्या दारावर नव्हे, हे माळ्यावर होतं — आमच्या निजायच्या खोलीच्या दारावर. मग माजघराच्या. मग कोठीच्या. कोठीला आतून कडी कशाला होती देव जाणे, पण तिथंही चार भोकं बुजवलेली. या घरात आतून लागणारी कडी एकाच दाराला आहे, रस्त्यावरच्या. यांना विचारलं, तर म्हणाले वाळवी लागली होती. मी म्हटलं, शिकलेली वाळवी दिसते, बरोबर चार-चार भोकं पाडते आणि तीही आतूनच.

मग फुलाबाईनं सांगितलं, भांडीवालीनं. तिनं तरी कुठं सगळं सांगितलं. इकडं तिकडं बघत, राखेचा हात तोंडावर धरून — थोरल्या सूनबाईनं खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली हुती वो, दुष्काळाच्या साली. दोन दिस. मंग कोंडीबाला बोलावून दारच उतरवलं. तर तुम्हीच उतरवलंत ना हे? हेच दार. आणि बाकीच्या कड्याही तुम्हीच काढल्यात नंतर, एका दिवसात, घरभर फिरून. मान हलवू नका नुसती — बरं, हलवा. तुमचं काय चुकलं त्यात. माणसानं सांगितलेलं काम केलं.

दाक्षायणीअक्का. माझी थोरली जाऊ. घरात एक फोटो नाही तिचा. करकंबला भावाकडं असते, शिवणाचा वर्ग चालवते म्हणे, आणि भावजी हुबळीला गेले ते सणालाही येत नाहीत. तिचं नाव निघालं की अत्ती फक्त एवढंच म्हणतात, चार भिंतींतलं तिनं चव्हाट्यावर आणलं. कडी लावून आतून बोलली म्हणे. काय काय बोलली म्हणे, सगळी गल्ली जमली म्हणे ऐकायला. आणि या घराचा असा समज झालाय मामा, की ती बोलली ते त्या कडीमुळं. कडी नसती तर बाई बोलली नसती. म्हणून बाई ठेवायची आणि कड्या काढायच्या.

मी रागानं नाही सांगत. मला तर… कसं सांगू. मला तिचा हेवा वाटतो. त्या मोरीत बसून रोज मी ते जुळवते, काय बोलली असेल ती. घड्याचं बोलली असेल, पडद्याचं बोलली असेल. अत्तींना काय म्हणाली असेल, नवऱ्याला काय. एकेक वाक्य तयार करते, तिचं म्हणून, आणि मग लक्षात येतं, हे तर माझंच आहे. माझी सगळी तयार आहेत. पाठ आहेत. फक्त ती म्हणायला आधी कडी पाहिजे.

थांबा, एक दाखवते. घाबरू नका, मघापासनं ओच्यातच आहे. ही बघा. पितळी. आमच्या होटगीच्या न्हाणीची. रेल्वेनं नवी दारं बसवली तेव्हा जुनी मोडीत निघाली, वडिलांनी ही मागून घेतली आणि लग्नात भांड्यांत घालून दिली. मुलीला पितळ द्यायचंच असतं, भांड्यांत एक जास्त. अत्तींना वाटलं देवघराच्या कपाटाची असेल. स्क्रूसुद्धा आहेत, चारी. दार माळ्यावरनं काढून ठेवलं होतं तेव्हा मी मापून बघितलं सकाळी, मामा, तुम्ही यायच्या आधी — त्या बुजवलेल्या भोकांवर बरोबर बसते. भोकं पाडायलाही नको, नुसतं टोकरायचं. हे यायच्या आत होईल. एकदा लागली की हे काढायला सांगणार नाहीत, यांना काढवतही नाही आणि लावतही नाही, तेवढी ओळखते मी यांना. अत्तींना मी सांगेन. मी सांगेन म्हणजे — बघू, सांगेन. घ्या ना. हातात तरी घ्या.

…बरं. खाली ठेवलीत. नाही, समजलं मला. याच घराची कामं आहेत, उद्या कोठीचं छप्पर निघेल, परवा लग्नाचं फर्निचर, सुनेचं ऐकून कोण बिघडवून घेणार. नका लावू. तुमच्यावर राग नाही. पण मग एक सांगा मला, एवढंच. तुम्ही इथं दाराशी होता त्या दिवशी, बिजागरी सोडवायला घटकाभर तरी लागली असेल. काय म्हणाली हो ती आतून? माझी शपथ, खरं सांगा. मी कुणाला सांगणार, मी तर मुकी.

…काय?

काहीच नाही? असं कसं, सगळी गल्ली जमली होती ना? — जमली होती. आणि? ती बोलतच नव्हती? सगळे बाहेरचेच बोलत होते. अत्ती बोलत होत्या, भावजी बोलत होते, आणि ती — एकदाच? तुम्ही पहिला स्क्रू सोडवला तेव्हा? काय म्हणाली?

"जरा बसू द्या मला."

एवढंच? शिवी नाही, गाऱ्हाणं नाही? आणि तुम्ही दार काढलंत तेव्हा काय करत होती? नुसती… पाटावर बसली होती. रडतसुद्धा नव्हती.

हं.

तर एवढ्यासाठी घरभरच्या कड्या गेल्या. आणि मी आपली मोरीत बसून तिची भाषणं लिहितेय.

—सायकल वाजली. द्या ती इकडं, लवकर. स्क्रू पण — राहू दे तो एक, भुशात पडला असेल, मी झाडताना बघेन.

आलात? मिळाली? बघू… जड आहे की चांगली. नाही, काही बोलत नव्हते, मिस्त्रींना चहा दिला. तुमचीच वाट बघत होते ते, कुठल्या बाजूनं लावायची म्हणून. मला कुठं ठाऊक. तुम्ही सांगा. माझ्याकडं काय बघता, लावायची त्यांना आहे, त्यांच्याकडं बघून सांगा. मोठ्यानं सांगा, त्यांना कमी ऐकू येतं.

ऐकलंत ना, कोंडीबामामा? बाहेरून. लावा. नाही, मला काही म्हणायचं नाही. दाराचा शब्द होता, दार दिलंय यांनी. आतून-बाहेरून असं काही पोह्यांच्या वेळी ठरलं नव्हतं, ती माझीच चूक, मी अर्धंच विचारलं. द्या ती कपबशी. मी विसळून आले.

झाली एवढ्यात? हात आहे बाई मिस्त्रींचा. चांगली दिसते. काय म्हणता? आत उभी राहू? का — बघायचं आहे, नीट बसते का ते. आणि कोपर लागतं का? नाही, आठवलं आपलं. बरं, राहते. सरका जरा. पाट आहे आतच. ओढा दार.

लागली. हो, ऐकू आली. ढकलून बघते… नाही हलत. पक्की आहे. घट्ट बसलीय, मिस्त्रींना सांगा. चौकटीलाही घासत नाही. उजेड? येतोय की वरून, हातभर मोकळं आहे ना वर, आभाळ दिसतंय थोडं. खिडकीची गरजच नव्हती, अत्तींचं बरोबर होतं. नाही, काही झालं नाही. हो, ठीक आहे मी. काढू नका. नका काढू म्हणते ना, काय घाई आहे, मांजर काही येत नाही एवढ्यात.

जरा बसू द्या मला.